नाशिकला चाखलेली वाइन घरी आल्यावर बेचव का लागते? आणि रोजच्या जेवणासाठी बाटली निवडावी कशी?

मुळाकाठ (प्रश्न), 9 मे

नमस्कार.

आम्ही दोघे पुण्यात राहतो. वय चाळिशीच्या पुढचे. गेल्या दोन वर्षांपासून शनिवारी रात्री जेवणाबरोबर एकेक ग्लास वाइन घेण्याची सवय लागली आहे. त्यापलीकडे मद्याशी आमच्या घराचा संबंध नाही, त्यामुळे हा विषय समजावून सांगणारे नात्यात कोणी नाही, आणि दुकानात जे सांगितले जाते ते कितपत खरे मानावे हेही कळत नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नाशिकला, गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वायनरीत गेलो होतो. तिथे पाच प्रकारच्या वाइन थोड्या थोड्या चाखायला दिल्या. त्यांतल्या शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनला पाडाला आलेल्या पेरूसारखा वास होता, आणि घोट गिळल्यावर तोंडाला असे पाणी सुटत होते की पुढचा घोट आपोआप घेतला जात होता. शिराझ ही लाल वाइनही आवडली. दोन्हींच्या दोन-दोन बाटल्या घेतल्या, गाडीच्या डिकीत ठेवल्या, त्र्यंबकेश्वरला दर्शन घेतले, वाटेत जेवलो आणि रात्री पुण्याला पोहोचलो.

पुढच्या शनिवारी शिराझ उघडली, तर आधी स्पिरिटसारखा झोत नाकात गेला आणि मागून मुरंबा जरा जास्त शिजल्यावर येतो तसा वास आला. कॉर्क बाटलीच्या तोंडाच्या किंचित वर आले होते, हेही आता आठवते. शेनिन फ्रिजमधून काढून लगेच ओतली. ती नुसती गार लागली, वास जवळजवळ नव्हताच. नाव तेच, वर्ष तेच, आणि चव मात्र दुसरीच, हे कसे होते?

त्याच्या जोडीला आणखी काही शंका आहेत. हजार रुपयांच्या आत-बाहेर दुकानात बाटली निवडताना नेमके काय पाहावे? लेबलवर ‘सल्फाइट असतात’ असे छापलेले असते, त्यानेच डोके दुखते का? आणि आपल्या तिखट, मसालेदार जेवणाबरोबर ही वाइन खरोखर जमते, की तो केवळ हौसेचा मामला आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तळघर, 9 मे

ताई, मी पंचवीस वर्षे हॉटेलांत वाइन वाढण्याचे आणि साठवण्याचे काम केले आहे. आपल्या वर्णनातले कॉर्क वाचले आणि काय झाले असावे ते लगेच लक्षात आले. वाइन डिकीत तापली.

मार्चअखेरीस नाशिकला भर दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या आतले तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर जाते. बाटलीतला द्रव तापला की प्रसरण पावतो आणि कॉर्क वर ढकलतो. मग गार होताना तो आकसतो आणि कॉर्कच्या कडेने थोडी हवा आत शिरते. उष्णतेमुळे बाटलीच्या आतल्या रासायनिक क्रियांचाही वेग वाढतो. ताज्या फळाचा वास सर्वांत आधी जातो आणि त्याच्या जागी शिजलेल्या फळाचा वास येतो, जो आपल्याला मुरंब्यासारखा वाटला. ही वाइन आरोग्याला अपायकारक झालेली नसते, पण गेलेला वास कोणत्याही उपायाने परत येत नाही. यापुढे नाशिकहून येताना थर्माकोलची पेटी न्यावी, बाटल्या प्रवाशांच्या बाजूला, एसीत ठेवाव्यात, आणि शक्य असेल तर खरेदी हे दिवसाचे शेवटचे काम ठेवावे.

शेनिनची गोष्ट मात्र निराळी आहे. ती कदाचित बिघडलेली नसेलही. घरातल्या फ्रिजमध्ये चार अंशांच्या आसपास तापमान असते, आणि इतक्या गारव्यात वासाचे रेणू वर येतच नाहीत. पांढरी वाइन आठ ते दहा अंशांवर घ्यावी, म्हणजे पुण्याच्या मे महिन्यात बाटली फ्रिजमधून काढून दहा मिनिटे थांबणे पुरते. दुसरी बाटली शिल्लक असेल तर हे करून पाहावे. उलट लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला घ्यायची असते, असे जे सर्वत्र सांगितले जाते, ते युरोपातल्या थंड, दगडी घरांचे तापमान आहे: सोळा ते अठरा अंश. आपल्या घरात बत्तीस-तेहेतीस अंशांवर लाल वाइन ओतली की अल्कोहोलच आधी उडू लागते, आणि तोच स्पिरिटचा झोत आपल्या नाकात गेला. लाल वाइन तासभर फ्रिजमध्ये ठेवावी. पाहुणे दारात असतील तर बादलीत निम्मे बर्फ आणि निम्मे पाणी घेऊन तीत बाटली दहा-बारा मिनिटे बुडवावी. नुसत्या बर्फात बाटलीच्या भोवती हवा राहते आणि ती उशिरा गार होते, पाणी मात्र काचेला सगळीकडून भिडते.

दुकानात नावाआधी जागा पाहावी. बाटली उन्हात किंवा प्रखर दिव्याखाली उभी आहे का? दुकानात एसी आहे का, आणि रात्री तो बंद होतो का? मानेपाशी चिकट ओघळ सुकलेला दिसला, कॉर्क वर आलेले वाटले, किंवा बाटलीतली पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली असली, तर ती बाटली घेऊ नये. नंतर वर्ष पाहावे. साधी पांढरी आणि रोझे, म्हणजे गुलाबी, वाइन लेबलवरच्या वर्षापासून दोन वर्षांच्या आत संपवावी. ‘जुनी तितकी चांगली’ हे जगातल्या फार थोड्या वाइनना लागू पडते आणि आपण रोज घेतो त्या बाटल्यांना अजिबात नाही. खूप विक्री असलेल्या दुकानातली साधी बाटली ही, कोपऱ्यात तीन उन्हाळे काढलेल्या महागड्या बाटलीपेक्षा नेहमी चांगली निघते, हा माझा अनुभव आहे. फिरकीच्या झाकणाची बाटली हलक्या दर्जाची असते, हाही गैरसमज आहे. ताज्या वाइनला ते झाकण कॉर्कपेक्षा अधिक भरवशाचे असते, कारण खराब कॉर्कमुळे येणारा ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास त्यात उद्भवत नाही. तसा वास आला तर ती बाटली दुकानात परत नेण्यात काहीही संकोच बाळगू नये.

प्रमाणाबद्दलही लिहितो, कारण ‘वाइन म्हणजे हलकी’ असे मानून लोक ग्लास भरतात. तेरा टक्के अल्कोहोल असलेल्या वाइनच्या 150 मिलिलिटरच्या ग्लासात साधारण 15 ग्रॅम अल्कोहोल असते. व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या स्मॉल पेगमध्ये ते 10 ग्रॅमच्या आसपास भरते. एका बाटलीत असे पाच ग्लास होतात. उरलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्येच ठेवावी, लालसुद्धा. तीन-चार दिवस ती चांगली राहते.

दिंडोरीकर, 10 मे

नमस्कार. माझी दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. काही क्षेत्रावर खाण्याची द्राक्षे आहेत आणि काही क्षेत्र वायनरीशी करार करून वाइनच्या जातींखाली आहे. ‘तळघर’ यांनी बाटलीनंतरचे सगळे उत्तम सांगितले आहे. मी बाटलीच्या आधीचे सांगतो, कारण माझ्या मते चव ओळखण्याची सुरुवात मण्यापासून केली तर लेबल वाचणे अवघड राहत नाही.

बाजारात आपण खातो ते थॉमसन किंवा सोनाका टपोरे असते, साल पातळ असते आणि बी नसते. तो टपोरेपणा यावा म्हणून आम्ही संजीवके, म्हणजे वाढ घडवणारी द्रव्ये, वापरतो. वाइनच्या द्राक्षाला नेमके याच्या उलट लागते. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया, आणि एकरी माल मुद्दाम कमी ठेवलेला. कारण रंग, वास आणि तुरटपणा यांचा बहुतेक भाग सालीत आणि बियांत असतो. मणी जितका लहान, तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक. लाल वाइन सालींसकट आंबवतात, म्हणून ती लाल आणि तुरट होते. पांढऱ्या वाइनसाठी रस आधी गाळून वेगळा करतात, म्हणून तिच्यात तुरटपणा जवळजवळ नसतो आणि आंबटपणा पुढे येतो. रोझेसाठी काळ्या द्राक्षांची साल थोडे तासच रसात राहू देतात. एवढे लक्षात ठेवले तरी दुकानातले निम्मे कोडे सुटते.

आता तुरट, आंबट आणि गोड हे तीन स्वाद आपल्या जिभेला नवे नाहीत. तुरटपणा म्हणजे जांभूळ खाल्ल्यावर गालांच्या आतल्या बाजूला जे आवळल्यासारखे होते, किंवा कोरा चहा फार उकळला की जे होते, ते. त्याला कारणीभूत असलेल्या द्रव्यांना टॅनिन म्हणतात, आणि चहातही त्याच कुळातली द्रव्ये असतात. आंबटपणा म्हणजे तोंडाला सुटणारे पाणी. घोट गिळल्यावर मान थोडी खाली घालून बसावे आणि किती लाळ सुटते ते पाहावे, आंबटपणाचा अंदाज अचूक येतो. गोडी जिभेला चटकन कळते, पण फळाचा वास आणि साखरेची गोडी यांत गल्लत होते. पेरूचा वास आला म्हणून वाइन गोड असते असे नाही. नाक बोटांनी धरून घोट घ्यावा. तरीही गोड लागली तरच साखर आहे.

साखर कुठे जाते, तेही सांगतो. तोडणीच्या आधी आम्ही रोज सकाळी मणी चिरडून रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब ठेवतो आणि शुगर किती आली ते पाहतो. ब्रिक्स हे रसातल्या साखरेचे माप. खाण्याचे द्राक्ष 18-20 ब्रिक्सला निघते. वाइनचे साधारण 21 ते 24 ला. यीस्ट ही साखर खाऊन तिचे अल्कोहोल करते, आणि 22 ब्रिक्सच्या रसातली सारी साखर संपली तर साडेबारा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल तयार होते. सगळी साखर संपली ती ‘ड्राय’ वाइन. थोडी शिल्लक ठेवली तर ‘ऑफ-ड्राय’ किंवा ‘सेमी-ड्राय’. म्हणजे लेबलवरचा अल्कोहोलचा आकडाही काही सांगतो: अकरा-साडेअकरा टक्के असेल तर द्राक्ष लवकर तोडले किंवा साखर थोडी शिल्लक ठेवली; चौदा असेल तर द्राक्ष पूर्ण पिकलेले होते आणि वाइन अंगाने भारी असणार.

आपल्याकडची शेनिन आणि सोव्हिन्याँ ब्लाँ ही दुसरी पांढरी वाइन का चांगली होते, यामागेही कारण आहे. युरोपात द्राक्ष शरद ऋतूत पिकते. दिवस गार होत जातात आणि आंबटपणा टिकून राहतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, डिसेंबरच्या थंडीत मणी वाढतो, मग मण्यात पाणी उतरते, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरू लागते, आणि पिकायच्या वेळेला, म्हणजे जानेवारीअखेर ते मार्च, दिवस उलट तापत जातात. साखर झपाट्याने वाढते आणि आंबटपणा तितक्याच झपाट्याने उतरतो. आठ दिवसांचा उशीर झाला तर पांढरी वाइन सपक होते. शेनिन ब्लाँ ही मुळातच आंबटपणा धरून ठेवणारी जात आहे, म्हणून ती या हवेत तग धरते. आम्ही पहाटे तोडणी सुरू करतो आणि ऊन चढण्याच्या आत क्रेट वायनरीत पोहोचवतो, तेही त्याचसाठी. एवढा जपलेला माल शेवटी डिकीत तापला हे वाचून मनापासून वाईट वाटले, ताई, आणि म्हणूनच एवढे लिहितो आहे.

वर्षाबद्दल एक गोष्ट: लेबलवरचे वर्ष हे तोडणीचे असते. आपली तोडणी वर्षाच्या सुरुवातीलाच होत असल्याने त्याच वर्षाच्या उत्तरार्धात नवी पांढरी वाइन दुकानात दिसू शकते. ती दिसली की बेलाशक घ्यावी.

कोणत्या भागातली घ्यावी, हेही विचारात घेण्यासारखे आहे. महाराष्ट्रातला हा उद्योग फार जुना नाही. 1980 च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फेसाळ वाइन सुरू केली. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन 2000 साली आली. आणि 2001 मध्ये राज्याचे द्राक्षप्रक्रिया धोरण आल्यावर बाकीच्या वायनऱ्या उभ्या राहिल्या. आज अकलूजला फ्रातेल्ली वायनरीची सांजोव्हेसे ही मूळची इटालियन जात पिकते, दिंडोरीत शाँदोंची फेसाळ वाइन होते, आणि कर्नाटकात नंदी हिल्सच्या बाजूला ग्रोव्हर यांची वायनरी आहे. एकच जात दोन ठिकाणची घेऊन शेजारी शेजारी ठेवून पाहावी. विलायती बाटलीवर त्याच पैशातला मोठा भाग आयातकराचा असतो, म्हणून हजार रुपयांत तिकडच्या सर्वांत साध्या वाइनऐवजी इकडची मधल्या दर्जाची वाइन मिळते, आणि तिला समुद्रप्रवासाची झळही लागलेली नसते.

सल्फाइटबद्दल: आंबवण्याच्या क्रियेत ते थोडे आपोआपच तयार होते, आणि वाइन बिघडू नये म्हणून वरून थोडे घालतातही. सांगली-तासगावकडे हिरवा बेदाणा टिकावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात; ती त्याच कुळातली गोष्ट. बेदाणे खाऊन आपले डोके दुखत नसेल, तर दोष एकट्या सल्फाइटवर टाकता येणार नाही. पांढऱ्या वाइनमध्ये ते सहसा लालपेक्षा जास्त असते. युरोपीय नियमांत कोरड्या लाल वाइनला लिटरमागे 150 मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि कोरड्या पांढरीला 200 ची. तरीही डोके दुखण्याची तक्रार बहुतेक जण लाल वाइनबद्दलच करतात. दमा असणाऱ्या काही लोकांना मात्र सल्फाइटचा खरोखर त्रास होतो, त्यांनी डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांनी आधी प्रमाण मोजावे, आणि प्रत्येक ग्लासाबरोबर तितकेच पाणी प्यावे.

मुळाकाठ, 10 मे

दोघांचेही मनःपूर्वक आभार. नाक धरून घोट घेण्याचा प्रयोग आजच केला; ज्या वाइनला मी दोन वर्षे ‘गोडसर’ म्हणत होते तिच्यात गोडी नाहीच, हे पाहून आश्चर्य वाटले.

आणखी एक विचारते. माझ्या सासूबाईंचे बालपण मडगावला गेले. त्यांच्या घरी बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्या माणसाला पोर्ट वाइन चमचा-दोन चमचे देत असत, आणि त्यांना आजही तीच वाइन आवडते. दुकानदार म्हणतो की ती वाइनच नव्हे. हे खरे आहे का? शिवाय आमच्या एका नातेवाइकांचे म्हणणे असे की रोज एक ग्लास लाल वाइन हृदयाला चांगली.

दोरूकाठ, 11 मे

नमस्कार. मी मूळची फोंड्याची, गेली अकरा वर्षे पोर्तुगालमध्ये, पोर्तू शहराच्या नदीपलीकडच्या काठावर, गाया येथे राहते. माझ्या खिडकीतून पोर्टच्या जुन्या गोदामांची कौले दिसतात, म्हणून या प्रश्नाला उत्तर देण्याचा मोह आवरत नाही.

खरी पोर्ट ही दोरू नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या द्राक्षांचीच असते. त्या खोऱ्याच्या सीमा 1756 साली पोर्तुगालचे तेव्हाचे मंत्री मार्केस द पोंबाल यांच्या काळात आखल्या गेल्या. रस अर्धा आंबलेला असताना त्यात द्राक्षांचेच तीव्र, 77 टक्क्यांचे मद्यार्क ओततात. यीस्ट मरते, उरलेली साखर तशीच राहते, आणि 19-20 टक्के अल्कोहोलची गोड वाइन तयार होते. गोव्यात आणि भारतात इतरत्र ‘पोर्ट’ या नावाने मिळणारी स्वस्त बाटली वेगळी असते: ती बहुधा बंगळुरू ब्लूसारख्या स्थानिक काळ्या द्राक्षांची असते, तिला गोडी वरून दिलेली असते, आणि अल्कोहोल खऱ्या पोर्टपेक्षा पुष्कळ कमी असते. नाव पोर्तुगीज काळाच्या आठवणीतून आले आहे. तेव्हा ती दोरूची पोर्ट नव्हे, हे खरे. पण ती वाइनच नव्हे, असे म्हणणे बरोबर नाही. माझ्या आजीच्या कपाटातही तीच बाटली असे, जाड काचेच्या लहान पेल्यासह, आणि त्या वासाने मला आजही फोंड्याचे स्वयंपाकघर आठवते. सासूबाईंना आवडते तर त्यांनी ती निःसंकोच घ्यावी. फक्त एखाद्या दिवाळीला त्यांच्यासाठी खऱ्या टॉनी पोर्टची लहान बाटली आणून शेजारी ठेवावी. लाकडी पिंपात वर्षानुवर्षे राहिल्यामुळे तिचा रंग विटकरी होतो आणि चव अक्रोड, खजूर, करपवलेली साखर अशी लागते. बेबिंकाबरोबर ती इतकी सुंदर जुळते की दोन्ही एकाच घरातली वाटतात. उघडलेली टॉनी फ्रिजमध्ये महिनाभरही टिकते, त्यामुळे चमच्या-चमच्याने घेणाऱ्यांना ती सोयीची.

हृदयाबद्दल मात्र स्पष्ट सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये जाहीरपणे म्हटले आहे की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित मानता येत नाही. बाळंतिणीला आणि आजाऱ्याला तर ते देऊच नये. चवीसाठी आणि सोबतीसाठी घ्यावी, थोडी घ्यावी. औषध म्हणून घेऊ नये.

चुलीपाशी, 11 मे

जेवणाचा प्रश्न अजून कोणी घेतलेला नाही, म्हणून लिहितो. मी केटरिंगचा व्यवसाय करतो आणि मराठी जेवणाबरोबर वाइन वाढण्याचे बरेच प्रयोग केले आहेत.

तिखटाची गाठ तुरटपणाशी आणि जास्त अल्कोहोलशी घालू नये, हे आधी सांगतो. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते आणि तुरटपणाने ती जिभेवर खरखरते. तांबड्या रश्श्याबरोबर चौदा टक्क्यांची कॅबर्ने ही तुरट लाल वाइन घेतली तर रस्सा आणि वाइन दोन्ही वाया जातात. तिथे थोडी गोडी शिल्लक असलेली, चांगली गार शेनिन घ्यावी. गोडी आग शमवते, आंबटपणा तेलाचा तवंग कापतो. तीच गोष्ट मिसळीची.

कोथिंबीर वडीबरोबर सोव्हिन्याँ ब्लाँ घ्यावी. या द्राक्षात ढोबळ्या मिरचीच्या वासाचे द्रव्य मुळातच असते, त्यामुळे कोथिंबिरीचा हिरवा वास तिच्याशी भांडत नाही. रव्यात तळलेल्या सुरमईबरोबरही तीच; लिंबू पिळायची गरज राहत नाही. मासळीबरोबर तुरट लाल वाइन घेतली की तोंडात लोखंडासारखी चव येते, ती टाळावी. भरल्या वांग्यातले दाण्याचे कूट आणि गोडा मसाला यांना रोझे फार छान साथ देते, आणि हे लोकांना सर्वांत उशिरा सुचते. शिराझ सुक्या मटणासाठी राखावी, पण मटण काळ्या मिरीचे आणि खोबऱ्याचे असावे, लाल तिखटाचे नव्हे. शिराझलाच मिरीचा वास असतो, आणि मांसातल्या प्रथिनांशी टॅनिन बांधले गेल्याने तुरटपणा मऊ होतो. पुरणपोळीबरोबर कोरडी वाइन आंबट-कडू लागते. पदार्थापेक्षा वाइन अधिक गोड असावी लागते, म्हणून तिथे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन, म्हणजे ‘लेट हार्वेस्ट’, घ्यावी, नाहीतर सरळ दूध घ्यावे. सोलकढीबरोबर काहीच घेऊ नये. ती एकटीच पुरेशी आहे.

मुळाकाठ, 17 मे

सर्वांचे आभार मानून काल रात्री केलेला प्रयोग इथे नोंदवते.

डिकीत तापलेल्या शिराझची दुसरी बाटली शिल्लक होती. तिच्या तोंडावरचे आवरण काढले तर कॉर्क दोन-तीन मिलिमीटर वर आलेले होते आणि त्याच्या एका बाजूने जांभळा ओघळ वरपर्यंत सुकलेला होता. त्याच नावाची, त्याच वर्षाची ताजी बाटली एसी असलेल्या दुकानातून आणली. दोन्ही तासभर फ्रिजमध्ये ठेवल्या. यजमानांनी दोन्ही बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळले आणि मला व सासूबाईंना न सांगता दोन-दोन ग्लास भरून दिले. रंगात फरक कळेना. नाक जवळ नेले आणि शंका उरली नाही: एका ग्लासात काळी मिरी आणि ताजे जांभूळ, दुसऱ्यात सुकलेले मनुके आणि खाली कुठेतरी ओल्या लाकडाचा दर्प. सासूबाईंनी हात न लावता, केवळ वासावरून, तापलेली बाटली ओळखली. “हे तळाला लागलेले आहे,” एवढेच त्या म्हणाल्या. शेनिनचीही दुसरी बाटली फ्रिजमधून काढून दहा मिनिटे थांबून घेतली, तेव्हा पेरूचा वास थोडा परत आला, पण नाशिकइतका नाही; तेव्हा तीही थोडीफार तापली असणार.

यापुढे एक वही ठेवणार आहे: दुकान, वर्ष, टक्के, आंबट, तुरट, गोड, आणि बरोबर काय जेवलो. सोबत दोघांचीही मद्य पिण्याची सरकारी परमिटे काढून घेतली, ते राहूनच गेले होते.

दिंडोरीकर दादा, एक विनंती आहे. मण्यात पाणी उतरल्यानंतरचे वाइनचे द्राक्ष आम्हाला वेलीवरच खाऊन पाहायचे आहे. तोडणीच्या दिवसांत परक्या माणसांना बागेत येऊ देतात का?

दिंडोरीकर, 17 मे

अवश्य या. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात शेनिन तोडणीला येईल. त्याआधी दोन दिवस निरोप पाठवतो. सकाळी सहाला बागेत असावे लागेल, आणि त्या वेळी आमच्याकडे कडाक्याची थंडी असते, म्हणून सासूबाईंसाठी शाल अवश्य आणावी. मणी तोंडात टाकल्यावर आधी नुसता गर चोखावा, मग साल वेगळी चावावी, आणि बी शेवटी दाताखाली फोडून पाहावे: हिरवट, कडवट लागले तर तोडणीला अजून वेळ आहे, दाण्यासारखे कुरकुरीत लागले तर माल तयार आहे. शिराझ त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी येते, तिच्यासाठी वेगळी खेप करावी लागेल. येताना थर्माकोलची पेटी विसरू नये.